गर्भिणी स्त्रिया आणि लोहाच्या गोळ्यांचे नियमित सेवन

इ. स. १९२८ मध्ये लूसी विल्स ह्या इंग्लिश महिला डॉक्टर मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या व इतर गरीब स्त्रियांना गरोदरपणी जो एक तीव्र स्वरूपाचा रक्तक्षय होत असे, त्याचे कारण शोधणे हे त्यांचे काम होते. परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी ह्या स्त्रियांच्या आहाराची पाहणी केली आणि प्राण्यांवर प्रयोग केले. ज्यांच्या जेवणात फळे व भाज्या जवळजवळ नसत, त्यांच्यांत हा विकार अधिक होता. यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्लंडात पावाला लावून खाल्ल्या जाणाऱ्या मारमाइटने, तो बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. यीस्टमधील ज्या अज्ञात द्रव्याने हा गुण येतो त्यास पुढे कित्येक वर्षे 'विल्स घटक' म्हणत असत. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळ्या काढलेल्या एका द्रव्यास फोलिक आम्ल हे नाव मिळाले. १९४०–५० ह्या दशकाच्या मध्यास येल्लाप्रगडा सुब्बाराव ह्यांच्या नेतृत्वाखालील गटाने त्याचे संश्लेषण केले, आणि मुंबईच्या गरीब गर्भिणींपासून सुरू झालेला हा शोध पुरा झाला.

आज भारतातील गरोदर स्त्रीला सरकारी केंद्रातून जी तांबडी, साखरेचे आवरण असलेली गोळी मिळते, तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. गोळी स्वस्त आहे, तिचे कार्य शास्त्रास ज्ञात आहे आणि ती विनामूल्य दिली जाते. असे असूनही २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील गर्भिणींपैकी शेकडा ५२ स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. चार-पाच वर्षांपूर्वी, म्हणजे २०१५–१६ च्या चौथ्या पाहणीत, हेच प्रमाण शेकडा ५० होते. काय द्यावे, ह्या प्रश्नाचे उत्तर केव्हाच मिळाले आहे. दिलेले घेतले का जात नाही आणि ते घेतले जावे म्हणून काय करावे, हा प्रश्न मात्र अद्याप शिल्लक आहे. प्रस्तुत विवेचन ह्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

लोहाचा जमाखर्च

गोळ्यांच्या सातत्याचे महत्त्व कळण्यास गर्भारपणातील लोहाचा हिशेब पाहणे आवश्यक आहे. एका गर्भारपणास सरासरीने सुमारे १,००० मिलिग्रॅम लोह लागते. त्यांपैकी सुमारे ३०० मिलिग्रॅम गर्भ व वार ह्यांत जाते, ५०० मिलिग्रॅम मातेच्या वाढणाऱ्या तांबड्या पेशींसाठी खर्च होते, आणि उरलेले सुमारे २०० मिलिग्रॅम शरीरातून नित्य होणाऱ्या उत्सर्गात जाते. ही गरज नऊ महिन्यांत सारखी वाटलेली नसते. पहिल्या तिमाहीत ती अल्प असते. कारण मासिक स्राव थांबलेला असतो आणि गर्भ लहान असतो. अखेरच्या महिन्यांत मात्र रोज सहा ते सात मिलिग्रॅम लोह आतड्यांतून रक्तात यावे लागते.

आता आहाराची बाजू पाहू जाता, भाकरी-पोळी, भात व डाळ हे ज्याचे मुख्य अंग आहे अशा जेवणातील लोहाचे अभिशोषण फार कमी होते. धान्यांतील फायटेट आणि चहातील टॅनिन लोहास बांधून ठेवतात. रोजच्या जेवणात २० मिलिग्रॅम लोह आहे आणि त्यातील शेकडा ८ भाग शोषला जातो असे धरल्यास, शरीरास १.६ मिलिग्रॅम लोह मिळते. गर्भारपणाच्या उत्तरार्धात आतड्यांची अभिशोषणक्षमता वाढते. ती तिप्पट झाली असे मानले तरी आकडा पाच मिलिग्रॅमपर्यंत पोहोचत नाही. उरलेली तूट शरीरातील साठ्यातून भरून काढावी लागते. आणि ज्या स्त्रीस लहानपणापासून पुरेसे अन्न मिळालेले नाही, जिचा विवाह लवकर झाला आहे व जिची बाळंतपणे जवळजवळ झाली आहेत, तिच्याजवळ हा साठा मुळातच नसतो.

गोळीचे प्रयोजन हे असे आहे. १८० गोळ्यांतून १०,८०० मिलिग्रॅम लोह पोटात जाते. त्याचा दहावा भाग शोषला गेला असे ढोबळमानाने धरले तर गर्भारपणाच्या एकूण गरजेइतके, म्हणजे सुमारे १,००० मिलिग्रॅम, लोह मिळते. त्याच हिशेबाने शंभर गोळ्यांतून ६०० आणि तीस गोळ्यांतून १८० मिलिग्रॅम मिळते. प्रत्यक्षात अभिशोषण व्यक्तीगणिक आणि रक्तक्षयाच्या तीव्रतेनुसार बदलते, म्हणून हा हिशेब दिग्दर्शनापुरताच घ्यावयाचा आहे. तथापि एवढे त्यातून स्पष्ट होते की, चार-आठ दिवस घेऊन सोडून दिलेल्या गोळ्यांचा उपयोग जवळजवळ होत नाही. गोळीचा गुण तिच्या सातत्यात आहे.

हे सातत्य न राहिल्यास काय होते, हे वैद्यकास नवे नाही. गरोदरपणी हीमोग्लोबिन दर डेसिलिटरला ११ ग्रॅमहून कमी झाल्यास रक्तक्षय आणि ७ ग्रॅमहून कमी झाल्यास तीव्र रक्तक्षय मानतात. प्रसूतीनंतर होणारा रक्तस्राव सुदृढ स्त्री सहन करू शकते; रक्तक्षय झालेल्या स्त्रीस तोच प्राणघातक ठरू शकतो. पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया व झांबिया ह्या चार देशांतील, मध्यम वा तीव्र रक्तक्षय असलेल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांची जी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत तीव्र रक्तक्षय असलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूची अथवा मृत्यूच्या दारातून परतण्याची शक्यता मध्यम रक्तक्षय असलेल्यांच्या सुमारे सातपट आढळली. एका पाकिटातील गोळ्या फळीवर पडून राहणे ही घटना क्षुल्लक वाटते. तिचा परिणाम मात्र प्रसूतिगृहात प्रत्ययास येतो.

वाटप आणि सेवन

भारतात पोषणजन्य रक्तक्षयाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. प्रारंभी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असे. १९९०–२००० ह्या दशकात मात्रा १०० मिलिग्रॅम करण्यात आली. २०१३ मध्ये कार्यक्रमाची पुनर्रचना झाली, आणि २०१८ च्या 'ॲनिमिया मुक्त भारत' ह्या मोहिमेत मात्रा पुन्हा ६० मिलिग्रॅमवर आणून चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस व प्रसूतीनंतर आणखी १८० दिवस रोज एक गोळी, असे प्रमाण ठरले. दुसऱ्या तिमाहीत जंतांवरील अल्बेंडाझोलची एक मात्राही ह्यात अंतर्भूत आहे. कारण अंकुशकृमी आतड्यांत रक्त शोषीत असतील तर वरून दिलेले लोह एका वाटेने येते आणि दुसऱ्या वाटेने जाते.

मात्रा, मुदत आणि नाव ह्यांत असे बदल होत गेले. वाटप आणि सेवन ह्यांतील अंतर मात्र तसेच राहिले. पाचव्या पाहणीत शंभर किंवा अधिक दिवस गोळ्या घेतल्याचे सांगणाऱ्या माता शेकडा ४४ होत्या, आणि १८० दिवस घेतल्याचे सांगणाऱ्या शेकडा २६. चौथ्या पाहणीत शंभर दिवसांचा आकडा शेकडा ३० होता. तेव्हा प्रगती झाली आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु गोळ्या हाती पडलेल्या स्त्रियांचे प्रमाण ह्याहून पुष्कळच मोठे आहे. हाती पडलेली गोळी तोंडापर्यंत का जात नाही, हे त्यामुळे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

गोळ्या का सोडल्या जातात?

ह्या प्रश्नास दीर्घकाळ एकच उत्तर दिले जात असे : स्त्रिया अडाणी आहेत, त्यांना महत्त्व कळत नाही. १९९४ मध्ये गॅलोवे आणि मॅक्ग्वायर ह्या संशोधिकांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन ह्या उत्तराची तपासणी केली. दोष पुरवठ्याचा आहे, गोळीच्या त्रासाचा आहे की स्त्रियांच्या मनोवृत्तीचा, असा प्रश्न त्यांनी लेखाच्या शीर्षकातच उपस्थित केला होता. त्यांचा निष्कर्ष असा की, दुष्परिणामांना समजले जाते तितके महत्त्व नाही. गोळ्याच वेळेवर व पुरेशा न मिळणे हे मोठे कारण आहे. भारतासह आठ देशांतील स्त्रियांच्या समजुतींचा जो अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही असेच चित्र दिसले. रक्तक्षय हा शब्द अनेकींना ठाऊक नव्हता. परंतु चक्कर येणे, थकवा, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे त्या नेमकी ओळखत होत्या आणि गोळीने बरे वाटते असेही पुष्कळजणी सांगत होत्या. ह्यावरून अडाणीपणाच्या उपपत्तीचा पाया फारसा भक्कम नाही, असे म्हणावे लागते.

कारणांचा विचार पुढीलप्रमाणे करता येईल.

पहिले कारण पुरवठ्याचे. केंद्रात साठा नसणे, एका वेळी दहा-पंधराच गोळ्या मिळणे, पुढच्या खेपेसाठी मजुरी बुडवून जावे लागणे, ह्या गोष्टी स्त्रीच्या इच्छेवर अवलंबून नाहीत. महाराष्ट्रात ह्याला दोन विशेष अंगे आहेत. एक म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची चाल. सातव्या-आठव्या महिन्यात, म्हणजे लोहाची गरज सर्वांत अधिक असते त्याच वेळी, गर्भिणी एका आरोग्यसेविकेच्या क्षेत्रातून दुसरीच्या क्षेत्रात जाते. नोंद सासरी राहते आणि गोळ्याही पुष्कळदा तेथेच राहतात. दुसरे अंग ऊसतोडीचे. मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास जी कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, त्यांतील गर्भिणीच्या गर्भारपणाचा मोठा भाग कोपीवर जाऊ शकतो. जिचा पत्ता दर काही आठवड्यांनी बदलतो, तिच्या बाबतीत नियमितपणाचा उपदेश करण्यापूर्वी गोळ्या तिच्यापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था असली पाहिजे.

दुसरे कारण गोळीच्या त्रासाचे. मळमळ, पोटात जळजळ, बद्धकोष्ठ किंवा क्वचित पातळ शौच हे परिणाम खरे आहेत आणि मात्रेबरोबर ते वाढतात. शौचाचा रंग काळा होतो. तो न शोषलेल्या लोहामुळे होतो व निरुपद्रवी असतो. परंतु ज्या स्त्रीस हे अगोदर सांगितलेले नाही, ती तो पाहून घाबरते आणि गोळी बंद करते. येथे प्रश्न त्रासाच्या तीव्रतेपेक्षा त्याच्या अनपेक्षितपणाचा अधिक आहे.

तिसरे कारण लोकसमजुतींचे. गोळी 'उष्ण' आहे, ती अंगात उष्णता करते. बाळ फार मोठे होते व बाळंतपण अडते. बाळाचा रंग काळा होतो, अशा समजुती भारताच्या अनेक भागांतून नोंदल्या गेल्या आहेत. दक्षिण कर्नाटकातील खेड्यांत निख्टर दांपत्याने केलेला आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास ह्या बाबतीत बोधप्रद आहे. अन्न आणि गर्भ पोटात एकाच जागेचे वाटेकरी आहेत, अशी शरीररचनेची एक कल्पना त्यांना तेथे आढळली. ती कल्पना मान्य केली तर कमी खाणे व औषधे टाळणे हे तर्कसंगतच ठरते. शिवाय बाळ मोठे होऊन प्रसूती अडण्याची भीती, जेथे शस्त्रक्रियेची सोय दूर आहे तेथे, निराधार म्हणता येत नाही. अशा समजुतीची थट्टा केल्याने ती जात नाही. ती कोणत्या अनुभवातून आली हे समजून घेऊन तिला उत्तर द्यावे लागते.

चौथे कारण घरातील अधिकाराचे. नव्याने सासरी आलेली, पहिलटकरीण असलेली मुलगी कोणते औषध घेईल हे पुष्कळ घरांत तिच्या एकटीच्या हाती नसते. सासूने आपली बाळंतपणे गोळ्यांवाचून पार पाडलेली असतात आणि तिचा अनुभव घरात प्रमाण मानला जातो. पतीस ह्या विषयात लक्ष घालावयाचे असते, हे त्यास बहुधा कोणी सांगितलेले नसते. आरोग्यशिक्षण मात्र नेमके त्या मुलीसच दिले जाते, जिला घरात निर्णय घेण्याचा अधिकार सर्वांत कमी असतो.

पाचवे कारण गोळीच्या स्वरूपातच आहे. तापावरील औषध घेतल्यावर ताप उतरतो व औषधाचा गुण दिसतो. प्रतिबंधक गोळी काहीच दाखवीत नाही. तिचे यश म्हणजे काही न घडणे. ज्या स्त्रीस आपण आजारी आहो असे वाटत नाही, तिने सहा महिने रोज औषध घ्यावे ही अपेक्षा मनुष्यस्वभावाच्या विरुद्ध जाते. त्यात भर म्हणजे २०१४ पासून कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्याही रोज घ्यावयाच्या असतात, आणि कॅल्शियम लोहाच्या अभिशोषणात अडथळा आणीत असल्यामुळे त्या लोहाबरोबर घेऊन चालत नाही. म्हणजे दिवसाच्या तीन वेगवेगळ्या वेळा सांभाळावयाच्या. भारत व टांझानिया येथील मोठ्या प्रयोगांत रोजचे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम हे १,५०० मिलिग्रॅमइतकेच परिणामकारक आढळल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा संशोधनाचे मोल औषधशास्त्रापुरते नाही. रोजची एक गोळी कमी होणे म्हणजे सातत्याच्या मार्गातील एक धोंड दूर होणे होय.

नियमितपणास साहाय्य कशाने होते?

वरील कारणांवरून उपायांची दिशा आपोआप सूचित होते. सर्वप्रथम पुरवठा. नेपाळचे उदाहरण ह्या संदर्भात मननीय आहे. तेथे २००३ पासून गावोगावच्या महिला स्वयंसेविकांकडून लोहाच्या गोळ्यांचे वाटप घरापर्यंत नेण्यात आले. २००१ च्या पाहणीत गरोदरपणी लोहाची गोळी घेतलेल्या स्त्रिया शेकडा २३ होत्या. २०११ मध्ये त्या शेकडा ८० झाल्या. डोंगराळ व दरिद्री देशात दहा वर्षांत झालेला हा बदल स्त्रियांच्या अंगी अकस्मात शहाणपण आल्यामुळे घडला असे कोणी म्हणणार नाही. गोळी आणि ती देणारी ओळखीची व्यक्ती, दोन्ही जवळ आली. महाराष्ट्रात आशा स्वयंसेविका व अंगणवाडी सेविका ह्यांच्या रूपाने हा दुवा उपलब्ध आहे. माहेरी वा ऊसतोडीस जाणाऱ्या गर्भिणीस निघण्यापूर्वीच प्रसूतीपर्यंतच्या गोळ्या द्याव्यात, ही साधी सूचना अमलात आणली तरी पुष्कळ काम होईल.

दुसरी गोष्ट सल्ल्याची. "ताई, रोज एक गोळी घ्या" हे वाक्य आज्ञा आहे, सल्ला नव्हे. सल्ल्यात निदान चार गोष्टी असाव्यात. गोळी कशासाठी, हे स्त्रीच्या अनुभवातील शब्दांत सांगावे. हीमोग्लोबिनचा आकडा सांगण्यापेक्षा चक्कर, धाप व थकवा ह्यांशी त्याचा संबंध जोडावा आणि मग आकडा सांगावा. काय त्रास होईल व तो किती दिवसांत कमी होईल, हे अगोदर सांगावे. काळ्या शौचाची कल्पना द्यावी. कशी घ्यावी हे सांगावे : जेवणानंतर एक-दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळा-पेरूसारख्या फळाबरोबर, आणि चहा, दूध व कॅल्शियमची गोळी ह्यांपासून दूर, मळमळ फार होत असल्यास रात्री निजताना. शेवटी, एखादा दिवस चुकल्यास काय करावे हेही सांगावे. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे एकच गोळी घ्यावी, दोन घेऊ नयेत. लोहाची मात्रा घेतल्यानंतर यकृतातून स्रवणाऱ्या हेप्सिडिन ह्या संप्रेरकाची पातळी सुमारे एक दिवस वाढलेली राहते व त्या अवधीत पुढील मात्रेचे अभिशोषण कमी होते, असे गरोदर नसलेल्या तरुण स्त्रियांवरील अलीकडील प्रयोगांतून दिसून आले आहे. म्हणून एका दिवसाच्या खंडाने सर्व फुकट गेले, असे स्त्रीस वाटू देऊ नये. पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत चुकलेल्या पहिल्या दिवसाच्या अपराधी भावनेतूनच गोळ्या कायमच्या सुटण्याचा संभव असतो.

तिसरी गोष्ट सवयीची. स्मरणशक्तीवर विसंबण्यापेक्षा रोजच्या एखाद्या ठरलेल्या कृतीस गोळी जोडणे अधिक भरवशाचे असते : सांजवात, रात्रीची आवराआवर, अंथरूण घालणे. पाकीट डब्यात बंद करून न ठेवता दृष्टीस पडेल, पण लहान मुलांच्या हाती लागणार नाही, असे ठेवावे. कारण मुलांनी ह्या गोळ्या खाल्ल्यास गंभीर विषबाधा होते. भिंतीवरील दिनदर्शिकेवर रोज खूण करण्याची पद्धत अल्पखर्ची आहे, आणि तिचा आणखी एक लाभ असा की त्या खुणा घरातील इतरांनाही दिसतात.

चौथी गोष्ट कुटुंबाची. गृहभेटीच्या वेळी सासूस बाजूस ठेवून सुनेशी बोलण्यापेक्षा सासूसच ह्या कामी सहभागी करून घेणे फलदायी असते. गोळी सुनेच्या हातावर ठेवण्याचे काम तिच्याकडे सोपविले म्हणजे तिचा वडिलकीचा मान राहतो व विरोधाचे कारणही उरत नाही. पतीने आठवण करणे ही गोष्टही लहान दिसते. तथापि त्यामुळे गोळी ही एकट्या स्त्रीची जबाबदारी न राहता घराची जबाबदारी होते.

मोजमापाची अडचण

संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याने ह्या विषयात एका गोष्टीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. नियमितपणा मोजावा कसा? विचारून मोजावा तर उत्तर देणारी स्त्री समोरच्या व्यक्तीस बरे वाटेल ते सांगते. आणि मागील कित्येक वर्षांतील गर्भारपणाविषयी विचारल्यास तीस, साठ, शंभर असे गोल आकडे येतात. उरलेल्या गोळ्या मोजाव्यात तर रिकामे पाकीट एवढेच सिद्ध करते की गोळ्या पाकिटात नाहीत. शौचाची तपासणी करून लोह ओळखता येते, पण तीत केवळ अलीकडच्या एक-दोन दिवसांचे चित्र मिळते. हीमोग्लोबिनची वाढ हा अंतिम परिणाम खरा. परंतु जंत, हिवताप, ब१२ जीवनसत्त्वाची न्यूनता आणि रक्तद्रवाचे प्रमाण वाढल्यामुळे गर्भारपणी येणारी स्वाभाविक घट ह्यांचा परिणाम त्यात मिसळलेला असतो. यास्तव कोणत्याही एका मापावर विसंबून न राहता निदान दोन मापे एकत्र वापरावीत, आणि विचारणारी व्यक्ती गोळ्या वाटणारी नसावी. प्रश्नाची शब्दयोजनाही महत्त्वाची आहे. "गोळ्या नियमित घेता ना?" ह्या प्रश्नाचे उत्तर त्या प्रश्नातच दिलेले असते. "मागील सात दिवसांत किती दिवस गोळी राहून गेली?" असे विचारल्यास चूक कबूल करणे सोपे होते.

गोळीच्या मर्यादा

नियमितपणाचा आग्रह धरताना गोळीने काय होत नाही, हेही ध्यानात असावे. फोलिक आम्लाच्या एका महत्त्वाच्या कार्यास चौथा महिना फार उशिराचा असतो. गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत मिटते. पुष्कळ स्त्रियांना तोवर आपण गरोदर आहो हे पुरते कळलेलेही नसते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश प्रयोगात, पूर्वी असे व्यंग असलेले मूल झालेल्या मातांना गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक आम्ल दिल्याने व्यंगाची पुनरावृत्ती शेकडा ७२ ने घटली. म्हणून गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीस ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल आधीपासूनच देण्याची शिफारस आहे.

तसेच पुण्यानजीकच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासाने एक सावधगिरीची सूचना दिली आहे. तेथे ब१२ जीवनसत्त्वाची न्यूनता व्यापक प्रमाणावर आढळली. ज्या मातांच्या रक्तात ब१२ कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध अधिक दिसला. ह्याचा अर्थ लोह-फोलिक गोळी टाळावी असा नव्हे. एका घटकाची भरपाई करताना दुसऱ्याची उपेक्षा होऊ नये, एवढाच आहे. त्याच अभ्यासात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेणाऱ्या मातांच्या बाळांची जन्मतःची वाढ अधिक चांगली आढळली. गोळी ही अन्नाची पुरवणी आहे, अन्नाचा पर्याय नव्हे.

आणखी एक मर्यादा अशी की, हीमोग्लोबिन फार कमी असल्यास अथवा गर्भारपण पुढे गेलेले असल्यास तोंडाने घ्यावयाच्या गोळ्यांस पुरेसा अवधी उरत नाही. तेथे शिरेतून लोह देण्याची किंवा रुग्णालयात दाखल करण्याची आवश्यकता असते. ज्यांच्याकडून गोळ्या नियमित घेतल्या जाण्याची शक्यता कमी, त्यांच्यासाठीही शिरेतून लोह देण्याचा विचार व्हावा, असे २०१८ चे मार्गदर्शन सांगते. हे वैद्यकीयदृष्ट्या योग्यच आहे. परंतु अशी स्त्री कोण, हे ठरविताना तिच्या जातीवरून, वस्तीवरून अथवा शिक्षणावरून पूर्वग्रहाने निर्णय होण्याचा धोका असतो. गोळ्या राहून गेल्या असतील तर त्या का राहिल्या, हा प्रश्न प्रथम विचारला जाणे अगत्याचे आहे.

समारोप

ह्या विषयावरील लिखाणात 'अनुपालन' हा शब्द वारंवार येतो. त्यात एक गृहीत लपलेले आहे : आज्ञा देणारा एक आणि ती पाळणारी दुसरी. आज्ञा मोडली तर दोष पाळणारीचा. वस्तुतः गोळी कारखान्यातून निघून स्त्रीच्या तोंडापर्यंत पोहोचेतो मध्ये भांडार, वाहन, केंद्र, सेविका, घर व स्वयंपाकघर असे अनेक टप्पे असतात आणि त्यांपैकी कोणत्याही एका टप्प्यावर ती अडू शकते. शेवटच्या टप्प्यावर स्त्री उभी असते म्हणून मागील सर्व टप्प्यांचा दोष तिच्या पदरी बांधला जातो. नियमित सेवनास उत्तेजन देणे म्हणजे केवळ उपदेश करणे नव्हे, तर ह्या वाटेवरील अडथळे एकेक करून दूर करणे होय.

लूसी विल्स ह्यांनी मुंबईतील स्त्रियांच्या रक्तक्षयाचे कारण शोधताना त्या काय खातात आणि कशा राहतात, हे प्रथम पाहिले आणि मग औषधाकडे वळल्या. औषध सापडून आज नव्वदांहून अधिक वर्षे झाली. ते घेतले जावे म्हणून जो शोध करावयाचा आहे, त्याचाही आरंभ तेथूनच झाला पाहिजे.